अबुल हौलचा पहारा

(वाळवंटाच्या सीमेवर हजारो वर्षे बसून राहिलेल्या एका पहारेकऱ्याची हकिकत या पाठात सांगितली आहे. तो शहराचे रक्षण करतो, अशी लोकांची समजूत होती. त्याचे रक्षण कोणी केले, हेही पाठ वाचताना लक्षात घ्या.)

तुमच्या उर्दूच्या पुस्तकात ज्या देशाला मिस्र म्हणतात, त्यालाच मराठीत इजिप्त म्हणतात. काहिरा म्हणजे कैरो ही त्याची राजधानी. कैरोसमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर गिझा हे शहर आहे. पूर्वी कैरो आणि गिझा यांच्यामध्ये शेते होती. आता दोन्ही शहरे वाढत वाढत एकमेकांना भिडली आहेत.

गिझाच्या पश्चिम टोकाला घरे संपतात आणि वाळवंट सुरू होते. नेमक्या त्या सीमेवर एक जण बसला आहे. शरीर सिंहाचे, डोके माणसाचे. पुढचे दोन्ही पाय लांब पसरलेले, मान ताठ, तोंड पूर्वेकडे. पाठीमागे पिरॅमिड, समोर शहर. सुमारे साडेचार हजार वर्षे तो असाच बसून आहे. त्याची लांबी सुमारे ७३ मीटर आणि उंची सुमारे २० मीटर आहे. म्हणजे सहामजली इमारतीएवढा हा सिंह!

जगात तो 'स्फिंक्स' या नावाने ओळखला जातो. हे नाव ग्रीक लोकांनी दिले. ग्रीकांच्या गोष्टीतला स्फिंक्स स्त्रीच्या तोंडाचा होता. तो वाटसरूंना कोडे घालत असे आणि उत्तर चुकले की त्यांना ठार करत असे. गिझाच्या स्फिंक्सचा या गोष्टीशी काही संबंध नाही. त्याने कधी कोणाला कोडे घातले नाही.

अरब लोक त्याला 'अबुल हौल' म्हणतात. हौल म्हणजे भीती. उर्दूतला 'हौलनाक' हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. मराठीतला 'हवालदिल' हा शब्दही याच हौलपासून आलेला आहे. तेव्हा अबुल हौल म्हणजे भीतीचा बाप. पण या नावामागे एक गंमत असावी. फार प्राचीन काळी शेजारच्या कनान प्रदेशातून आलेले लोक गिझाजवळ राहत होते. ते या मूर्तीला आपल्या 'हौरून' नावाच्या देवाचे रूप मानत. हेच नाव लोकांच्या तोंडी बदलत गेले आणि पुढे अरबांच्या कानांना ते 'हौल' असे ऐकू आले, असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल, तर भीती केवळ नावात आहे, चेहऱ्यात नाही.

बगदादचे विद्वान हकीम अब्दुल लतीफ इ.स. १२०० च्या सुमारास मिस्रमध्ये गेले होते. त्यांना हा चेहरा मुळीच भयंकर वाटला नाही. तो त्यांना सुंदर वाटला, जणू मंद हसत असलेला. त्यावर लाल रंग होता, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. मिस्रमध्ये सर्वांत नवलाची गोष्ट कोणती पाहिली, असे त्यांना कोणी विचारले. त्यांनी पिरॅमिडचे नाव घेतले नाही. अबुल हौलच्या चेहऱ्यातील प्रमाणबद्धता, असे त्यांचे उत्तर होते. हकीमसाहेब शरीरशास्त्राचे जाणकार होते. एवढ्या प्रचंड आकारात नाक, डोळे, कान एकमेकांना शोभतील असे कोरणे किती अवघड आहे, हे त्यांना कळत होते.

ही मूर्ती दगड रचून बांधलेली नाही. तेथे आधीच चुनखडीचा खडक होता. कारागिरांनी त्याच्या चहूबाजूंनी खोल चर खणला आणि मध्ये उरलेल्या खडकातून सिंह कोरून काढला. चरातून निघालेले प्रचंड दगड त्यांनी समोरच्या मंदिराला वापरले. खाफ्रे नावाच्या राजाच्या काळात, म्हणजे इ.स. पूर्व २५०० च्या सुमारास, हे काम झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र 'हे मी घडवले' असे सांगणारा त्या काळचा एकही लेख तेथे सापडलेला नाही.

हे काम करणारी माणसे राहत तरी कोठे होती? स्फिंक्सच्या दक्षिणेला सुमारे ४०० मीटरवर एक लांबलचक दगडी भिंत आहे. लोक तिला 'कावळ्याची भिंत' म्हणतात. ती २०० मीटर लांब आणि १० मीटर उंच आहे. तिच्या पलीकडे १९८८ पासून उत्खनन सुरू झाले आणि वाळूखालून एक संपूर्ण गाव वर आले. आखीव रस्ते, कामगारांना झोपता येईल अशी लांब दालने, रोट्यांच्या भट्ट्या, रोट्या भाजण्याचे मातीचे साचे! गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि मासे यांची हाडे तर ढिगांनी मिळाली. एवढा मोठा पहारेकरी घडवायचा, तर घडवणाऱ्यांना रोज पोटभर खायला हवे. पिरॅमिड आणि स्फिंक्स यांच्यासाठीच हे गाव वसले होते. काम संपले, माणसे निघून गेली आणि गाव वाळूखाली गेले.

पुढे पहारेकऱ्याचीही तीच गत झाली. तो बसला आहे एका खड्ड्यात, कारण त्याला वरून खाली कोरत नेलेले आहे. वाळवंटातला वारा वाळू उडवत आणतो. वाळू सपाट जमिनीवरून पुढे सरकते, पण खड्डा आला की आत पडते आणि तेथेच राहते. राजे बदलले, राजधानी बदलली, वाळू उपसणारे कोणी उरले नाही. काही शतकांत सिंह गळ्यापर्यंत पुरला गेला.

त्याला बाहेर काढणारा पहिला माहीत असलेला माणूस म्हणजे थुतमोस नावाचा राजपुत्र. ही हकिकत स्फिंक्सच्या पुढच्या दोन पायांमध्ये उभ्या केलेल्या शिलालेखात आहे. राजपुत्र शिकारीसाठी गिझाच्या माळावर आला होता. भर दुपारी तो या मूर्तीच्या सावलीत झोपला. स्वप्नात मूर्ती त्याच्याशी बोलू लागली, बाप मुलाशी बोलतो तशी. तुला राज्य देईन, पण वाळवंटाची वाळू माझ्या अंगावर चढली आहे, ती दूर कर, अशा अर्थाचे बोलणे झाले. राजपुत्र पुढे राजा झाला. इतिहासात तो चौथा थुतमोस म्हणून ओळखला जातो. त्याने इ.स. पूर्व १४०० च्या सुमारास हा लेख कोरवला आणि वाळू अडवण्यासाठी भोवताली कच्च्या विटांच्या भिंती बांधल्या.

स्वप्न खरेच पडले होते का? गादीवर आपलाच हक्क आहे हे लोकांना पटवण्यासाठी राजाने ही गोष्ट रचली असावी, अशी शंका काही इतिहासकार घेतात. ती रास्तही आहे. पण भिंती खऱ्या होत्या. त्यांच्या विटांवर त्याच्या नावाचे शिक्के आहेत.

यानंतर रोमन लोकांच्या काळातही डागडुजी झाली. मग पुन्हा वाळू आली.

अरबांच्या काळात लोकांना फक्त डोके आणि मान दिसत असे. खाली सिंहाचे शरीर आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नसावे. तरी गिझाच्या शेतकऱ्यांची त्याच्यावर एक वेगळीच श्रद्धा होती. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध इतिहासकार अल-मक्रीझी यांनी ती नोंदवून ठेवली आहे. अबुल हौल हा एक तिलिस्म आहे, तो वाळवंटाची वाळू अडवून धरतो, असे लोक म्हणत. नदीच्या पलीकडे फुस्तात शहरात दुसरी एक मूर्ती होती. ती नाईलचा पूर अडवते, अशी समजूत होती. एक वाळूवर नजर ठेवणार, दुसरी पाण्यावर, आणि मध्ये शहर निर्धास्त झोपणार! चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खजिना मिळेल या आशेने एका अमिराने फुस्तातची मूर्ती फोडली. खजिना काही मिळाला नाही.

अबुल हौल मात्र जागेवर होता. मग हिजरी ७८० मध्ये, म्हणजे इ.स. १३७८ च्या सुमारास, साइमुद्दहर नावाच्या एका सूफीने त्याचा चेहरा विद्रूप केला, असे अल-मक्रीझी लिहितात. नाकात वरून आणि खालून लांब छिन्न्या ठोकल्याच्या खुणा आजही दिसतात. त्यानंतर गिझाच्या बऱ्याच शेतजमिनीवर वाळू पसरली. पहारेकऱ्याचा अपमान झाला म्हणून असे घडले, असे गावकरी म्हणू लागले.

नेपोलियनच्या सैनिकांनी तोफ डागून नाक उडवले, ही गोष्ट तुम्ही कधीतरी ऐकाल. तिच्यावर विश्वास ठेवू नका. नेपोलियन मिस्रमध्ये आला १७९८ साली. नॉर्डन नावाच्या डेन्मार्कच्या प्रवाशाने काढलेले स्फिंक्सचे चित्र १७५५ साली छापले गेले होते आणि त्या चित्रातही नाक नाही. बिचाऱ्या सैनिकांवर हा आळ कोणी घातला कोण जाणे!

आता एक गोष्ट पाहा. वाळू अडवतो म्हणून ज्याची ख्याती, तो स्वतः गळ्यापर्यंत वाळूत बुडालेला होता. रोज शेतावर जाता-येता लोक हे पाहत होते. तरी त्यांचा विश्वास कमी झाला नाही. मला वाटते, वाळवंटाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला पाठीशी कोणीतरी जागे आहे एवढेच हवे असावे.

एकोणिसाव्या शतकात वाळू उपसण्याचे प्रयत्न पुन्हा सुरू झाले. १८१७ साली काविलिया या इटालियन कप्तानाने पुढचा भाग खणला. थुतमोसचा शिलालेख त्याच कामात सापडला. पुढे मारिएत आणि मास्पेरो या फ्रेंच विद्वानांनी वाळू उपसली, पण प्रत्येक वेळी ती परत भरली. शेवटी १९२५ ते १९३६ या काळात बराइझ या अभियंत्याच्या देखरेखीखाली सगळी वाळू काढण्यात आली आणि सिंह नखांपासून शेपटीपर्यंत उघडा झाला.

वाळू गेली, आणि नवे दुखणे सुरू झाले! वाळूने इतकी शतके त्याचे शरीर झाकून ठेवले होते. त्याच्या डोक्याचा दगड टणक आहे, शरीराचा मऊ. उघड्या अंगाला वारा झोंबू लागला. जवळच्या नझलत अल-सम्मान या वस्तीतील सांडपाणी आणि शेतांचे पाणी जमिनीत मुरत होते. ते दगडात चढे आणि दगडातला क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणी. उन्हाने पाणी सुकले की क्षाराचे स्फटिक फुगत आणि दगडाचे पापुद्रे सुटत. ज्या शहराकडे तो पाहत बसला होता, त्याच शहराच्या पाण्याने त्याला पोखरले. १९८८ साली त्याच्या उजव्या खांद्याचा मोठा तुकडा निखळून पडला. आधीच्या दुरुस्तीत सिमेंट वापरले होते, त्यानेही अपायच झाला होता. मग ते सिमेंट काढून, मोजमापे घेऊन, मूळ दगडाशी जुळणारा चुनखडीचा दगड बसवण्यात आला. हे काम १९९८ साली पूर्ण झाले. २०१२ च्या सुमारास जमिनीतील पाणी उपसण्यासाठी पंपही बसवण्यात आले.

मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, दिवस आणि रात्र सारखी असते तेव्हा, सूर्य बरोबर त्याच्या समोर उगवतो. नाईलपलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरून पहिले किरण त्या नाक नसलेल्या चेहऱ्यावर येतात. थोड्या वेळाने दरवाजा उघडतो, तिकिटे फाटू लागतात, मुले पंजांकडे बोट दाखवून ओरडतात. रात्री तेथे पोलिसांचा पहारा असतो.

शब्दार्थ
वाटसरू – प्रवासी, मुसाफिर. प्रमाणबद्धता – सर्व भाग एकमेकांना शोभतील असे असणे. चर – लांब खड्डा. डागडुजी – दुरुस्ती, मरम्मत. तिलिस्म – जादूची रक्षक वस्तू. आळ – खोटा आरोप. पापुद्रा – पातळ थर.

स्वाध्याय
१. हकीम अब्दुल लतीफ यांना सर्वांत नवलाची गोष्ट कोणती वाटली? का?
२. स्फिंक्सच्या भोवती वाळू पुन्हा पुन्हा का साचते?
३. नेपोलियनच्या सैनिकांनी नाक तोडले नाही, हे कशावरून सिद्ध होते?
४. 'हवालदिल होणे' आणि 'आळ घालणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची देखभाल कोण करते, याची माहिती मिळवा व पाच ओळी लिहा.