दहा ग्रुप, पण साक्षीदार किती?



वाशीपासून पनवेलपर्यंत सोसायटीचे, शाळेचे, नातेवाइकांचे असे अनेक व्हॉट्सॲप ग्रुप आपल्या मोबाइलवर असतात. तेथे आलेली बातमी खरी की खोटी, हे कसे ओळखावे? एका दुःखद घटनेवरून शिकू या.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात आधीच पसरले होते. संशयावरून जमावाने पाचही जणांना ठार मारले. ते मुले पळवणारे नव्हते.

त्या वर्षी देशात एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. प्रत्यक्षात ती कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मुळात शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. नेमका तोच भाग कोणीतरी कापला होता.

यातून चार प्रश्न शिकावेत :

१. मूळ सांगणारा कोण? एकच संदेश दहा ग्रुपवर आला म्हणजे दहा साक्षीदार झाले असे नव्हे. संदेशावर दोन बाणांची खूण असेल, तर तो मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आला आहे.

२. कधीचे व कुठले? गूगल लेन्सवर चित्र शोधले, तर ते पूर्वी कुठे छापले गेले हे पुष्कळदा कळते.

३. पूर्ण आहे का? आधी काय घडले, नंतर काय घडले, हे पाहावे.

४. जबाबदारी कोणाची? पोलीस किंवा नाव देणारे वृत्तपत्र चुकले, तर जाब विचारता येतो. निनावी संदेशाला कोण विचारणार?

उत्तर मिळेपर्यंत संदेश पुढे पाठवू नये. ‘खरे असेल तर उपयोग होईल’ असे म्हणून आपण पाठवतो. पण खोटे असेल तर मार कोणाला बसेल, याचाही विचार हवा. मुलाच्या सुरक्षिततेविषयी खरोखर शंका असेल तर ११२ किंवा १०९८ वर फोन करावा.

खोटी साक्ष देऊ नये, असे आठवी आज्ञा सांगते. न तपासता पुढे पाठवलेला संदेश हीसुद्धा आपली साक्षच असते.

कुटुंबात चर्चेसाठी : या आठवड्यात आपण पुढे पाठवलेल्या संदेशांपैकी कितींचा मूळ सांगणारा आपल्याला ठाऊक आहे?