सर्व्हरचे स्थलांतर आणि प्रवेश-परवान्यांची पडताळणी

कार्यालयातील मुख्य सर्व्हरवर कामाची आज्ञावली ठेवावयाची आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या संगणकावरून 'रिमोट डेस्कटॉप'द्वारे तीवर काम करावयाचे, ही पद्धत आता रूढ झाली आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ चे नियमित पाठबळ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपल्याने अनेक संस्थांना नव्या सर्व्हरवर स्थलांतर करावे लागले. अशा वेळी माहितीची काळजी घेतली जाते. परवान्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

या व्यवस्थेत प्रत्येक वापरकर्त्यासाठी अथवा प्रत्येक संगणकासाठी स्वतंत्र प्रवेश-परवाना लागतो. हे परवाने 'लायसन्स सर्व्हर' देतो. नव्या सर्व्हरवर ही सेवा बसविल्यापासून १२० दिवसांची सवलत असते. त्या काळात परवान्यांची मांडणी सदोष असली तरी काम सुरळीत चालते. मुदत सरताच कर्मचाऱ्यांना प्रवेश नाकारला जातो आणि कामकाज अचानक ठप्प होते. म्हणजे दोष पहिल्या दिवसाचा असतो. तो उघड होतो चार महिन्यांनी.

म्हणून पुढील तपासणी क्रमाने करणे हितावह ठरते.

१. सर्व्हरवरील 'लायसन्सिंग डायग्नोजर' उघडून नोंदविलेले दोष वाचावेत.

२. नव्या सर्व्हरला लायसन्स सर्व्हरचे नाव कळविले आहे काय आणि निवडलेला प्रकार खरेदी केलेल्या परवान्यांशी जुळतो काय, हे पाहावे. परवाने संगणकनिहाय आणि निवड वापरकर्तानिहाय, अशी विसंगती वारंवार आढळते.

३. आवृत्ती तपासावी. नव्या आवृत्तीचा परवाना जुन्या सर्व्हरवर चालतो. जुना परवाना नव्यावर चालत नाही. लायसन्स सर्व्हरही तितक्याच किंवा अधिक नव्या आवृत्तीचा हवा.

४. लायसन्स सर्व्हरच बदलला असेल, तर परवाने आपोआप सोबत येत नाहीत. नवा लायसन्स सर्व्हर कार्यान्वित करून 'मॅनेज लायसन्सेस' या सोयीने ते रीतसर हलवावे लागतात.

अडचण एकाच संगणकावर असेल, तर त्यात साठलेला जुना परवाना कारण असू शकतो. रजिस्ट्रीतील 'एमएसलायसन्सिंग' ही नोंद प्रथम जतन करून मग काढावी व रिमोट डेस्कटॉप एकदा प्रशासकाच्या अधिकाराने सुरू करावा. मोडीत काढलेल्या संगणकाचा परवाना वाया जात नाही. ५२ ते ८९ दिवसांत तो मुदत संपून पुन्हा उपलब्ध होतो.

नोंदींत फेरफार करून सवलतीची मुदत लांबविणे हा उपाय नव्हे; त्याने परवान्याच्या अटींचा भंग होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. खरेदीची कागदपत्रे, परवान्यांची संख्या आणि प्रकार यांचा मेळ स्थलांतराच्या पहिल्याच आठवड्यात घातला, तर १२१ वा दिवसही इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस ठरेल.