इमारतीची देखभाल व आगीपासून बचाव : आपल्या तरुणांसाठी एक हुनर, एक रोजगार

आपल्या समाजात नोकरदार थोडे आणि स्वतःच्या धंद्यावर जगणारे अधिक. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर अवलंबून असल्याचे नमूद केले होते. यंत्रमाग, शिलाई, जरीकाम, बॅगा, बेकरी, फर्निचर, भंगार असे आपले धंदे बहुतेक जुन्या इमारतींत, अरुंद गाळ्यांत व पोटमाळ्यांवर चालतात. सुताचा भाव, कापडाची मागणी, अडकलेली उधारी यांची चर्चा आपल्या पेढीवर रोज होते. परंतु माल आणि माणसे ज्या भिंतींच्या आत असतात त्या इमारतीची विचारपूस सहसा होत नाही.

इमारतीची देखभाल आणि आगीपासून बचाव हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याचे रीतसर शिक्षण मिळते, त्याला कायद्याचा आधार आहे आणि बाजारात मागणी आहे. या कामाचा निम्मा भाग आपली मुले आजही करतात. फक्त त्यांच्या हातात कागद नाही. या शिक्षणात काय असते, ते कोठे मिळते आणि आपण व्यापाऱ्यांनी त्यात काय करावे, याचा येथे विचार करू.

प्रश्न जिवाचा आहे

८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीला आग लागली. तेथे बॅगा वगैरे बनविण्याचे छोटे कारखाने होते आणि कारागीर तेथेच झोपत असत. ४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बिहारमधून पोटासाठी आलेले मजूर पुष्कळ होते आणि बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गेला. त्याच वर्षी २४ मे रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात शिकवणीला आलेले २२ विद्यार्थी दगावले. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि मालक, त्यांच्या घरची माणसे व कामगार मिळून ८ जण गेले.

दिल्ली आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी वेळ पहाटेची होती आणि माणसे झोपेत होती, हे लक्षात घ्यावे. रात्री झोपताना घरात आग पेटती ठेवू नये, अशी ताकीद रसूलुल्लाह (स.) यांनी दिल्याचे सहीह बुखारीत आले आहे. मदीनेत रात्री एक घर जळाल्याची खबर आली तेव्हा आगीला त्यांनी माणसाचा शत्रू म्हटले. त्या काळी ही ताकीद दिव्याच्या वातीपुरती होती; आज आपल्या कारखान्यात ती वात विजेच्या तारांत दडलेली आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

ही कल्पना अमेरिकेतली. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले आणि ते या प्रकारचे पहिले सरकारी कॉलेज मानले जाते. घराजवळचे कॉलेज, कमी फी, कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग आणि त्या गावच्या उद्योगाला लागणारे शिक्षण, अशी त्याची रचना असते. वीज, नळकाम, वातानुकूलन, इमारत देखभाल असे विषय तेथे शिकविले जातात. अभ्यासक्रम ठरविताना स्थानिक कारखानदारांचाही सल्ला घेतला जातो.

आपल्याकडेही याच विचाराच्या संस्था आहेत. कामगारांना कामाबरोबर शिकता यावे म्हणून १९६७ साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. त्याच योजनेला पुढे जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही तेथे हुनर शिकता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. मुंबईत भायखळ्याचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आणि नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथील जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम यांची उदाहरणे आपल्या डोळ्यासमोर आहेत. तांत्रिक शिक्षण आपल्या संस्थांना नवे नाही. आता त्यात या विषयाची भर पडावी.

देखभालीत काय शिकवितात?

पहिला धडा असा की, बिघाड झाल्यावर दुरुस्ती करणे ही देखभाल नव्हे. बिघाड होण्यापूर्वी ठरलेल्या दिवशी तपासणी करून ती वहीत नोंदविणे म्हणजे देखभाल. आपण जशी रोजमेळाची वही ठेवतो तशीच इमारतीची वही असते.

या शिक्षणाचा सर्वांत मोठा भाग विजेचा. प्रत्येक आगीनंतर शॉर्ट सर्किट हा शब्द ऐकू येतो. पण शॉर्ट सर्किट आपोआप होत नाही. त्यामागे ढिला जोड, झेपत नाही एवढा भार, उंदराने कुरतडलेली तार किंवा फ्यूजच्या जागी बांधलेली जाड तार असते. साधारणपणे दिव्यांसाठी १.५ आणि पॉवर प्लगसाठी २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार वापरतात. दिव्याच्या तारेवर इस्त्री किंवा मोटर चालविली की तार आतून तापते आणि तिचे आवरण हळूहळू वितळते. भार वाढला तर एमसीबी वीज तोडते. गळणारा प्रवाह ओळखून आरसीसीबी माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचविते. त्यासाठी ती ३० मिलीअँपिअरची असावी. अर्थिंग मोजणे आणि मेगर लावून तारेचे आवरण शाबूत आहे की नाही हे पाहणे विद्यार्थ्याला हाताने करावे लागते.

याशिवाय पाण्याच्या टाक्या व पंप, गळती व ओल, लिफ्ट, वातानुकूलन, गच्ची व सांडपाणी यांचेही पाठ असतात. ओल आणि वीज यांचे वैर असल्याने नळकाम व विजेचे काम एकाच माणसाला समजले तर मालकाचा फायदाच होतो.

आगीचे शास्त्र

आगीला जळणारी वस्तू, उष्णता आणि हवा या तीन गोष्टी लागतात. यांतील एक काढून घेतली की आग विझते. सारी अग्निशामक साधने याच तत्त्वावर चालतात.

जळणाऱ्या वस्तूप्रमाणे आगीचे वर्ग पाडले आहेत. लाकूड, कागद व कापड यांचा वर्ग ‘ए’, पेट्रोल, थिनर, रंग यांचा ‘बी’, गॅसचा ‘सी’, धातूंचा ‘डी’ आणि कढईतील तेलाचा ‘एफ’. कापडावर पाणी उत्तम चालते, परंतु जळत्या तेलावर पाणी टाकले तर भडका उडतो. विजेच्या पॅनेलवर पाणी मारणाऱ्याला धक्का बसू शकतो. तेथे आधी मेन स्विच बंद करावा आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वापरावे.

कापडवाल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सुती गाठीची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा पेटते. म्हणून गाठ बाहेर काढून, फोडून, पूर्ण भिजवावी लागते. पॉलिस्टरचे सूत वितळून थेंब थेंब गळते व दाट विषारी धूर सोडते. धुरात सापडलेल्या माणसाने वाकून, जमिनीलगत सरकत बाहेर पडावे, कारण धूर आधी वर साठतो.

साधनांची देखभाल हा पुढचा भाग. सिलिंडरच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन व सील शाबूत आहे का, पावडरचा गठ्ठा तर झाला नाही ना, हे दरमहा पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो. ते वजन करून तपासतात. सहा किलोचे पावडर सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. म्हणून पिन काढणे, नळी आगीच्या बुडाशी धरणे, दांडी दाबणे आणि डावीकडून उजवीकडे फिरविणे याचा सराव आधीच हवा.

छतावरील स्प्रिंकलरमध्ये काचेची लहान कुपी असते. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि जेथे उष्णता पोहोचली तेथलीच फुटते. तागे छतापर्यंत रचले तर पाणी पसरत नाही. स्प्रिंकलरखाली सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी. मागाच्या खात्यात कापसाची धूळ उडत असल्याने धूर ओळखणारे यंत्र लवकर निकामी होते वा उगाच वाजते. तेथे उष्णता ओळखणारे यंत्र बरे. ही निवड शिकलेला माणूस करतो. न शिकलेला जे स्वस्त मिळेल ते ठोकून जातो.

कायद्याने निर्माण केलेले काम

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यातील इमारतींत साधने बसविणे व ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. म्हणजे भाड्याच्या गाळ्यात बसणाराही यातून सुटत नाही. साधने ठीक असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, द्यावा लागतो. त्याला नमुना ‘ब’ म्हणतात.

अनेक व्यापारी या दाखल्याकडे फक्त खर्च म्हणून पाहतात. मी त्याकडे रोजगार म्हणून पाहतो. दर सहा महिन्यांनी प्रत्येक बाजारात, इस्पितळात, गोदामात कोणी तरी जाऊन पंप चालवून, नळी जोडून पाहायची असेल, तर त्यासाठी हात लागणारच. ते हात आपले का नसावेत?

कोठे शिकावे?

आयटीआयमध्ये वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. अग्नितंत्र व औद्योगिक सुरक्षा व्यवस्थापन हा व्यवसाय काही आयटीआयमध्ये एका वर्षाचा आहे. राज्य सरकारच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात, मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला विद्यानगरी येथे, अग्निशामकाचा सहा महिन्यांचा व अधिकाऱ्यांचा एक वर्षाचा पाठ्यक्रम असतो. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही १९५६ साली स्थापन झालेली देशाची संस्था आहे. जे आधीच काम जाणतात त्यांच्यासाठी पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची पद्धत आहे. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. वीस वर्षे वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीने याची चौकशी अवश्य करावी.

येथे एक सावधगिरी. अग्निसुरक्षेच्या डिप्लोम्याच्या नावाखाली मोठी फी घेऊन नुसता कागद देणारे पुष्कळ आहेत. प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मान्यता कोणत्या मंडळाची आहे? हायड्रंट, पंप व अलार्म प्रत्यक्ष हाताळायला मिळतात का? मागच्या तुकडीतील मुले कोठे काम करतात? उत्तरे टाळली गेली तर तेथून उठावे. तसेच, एका प्रमाणपत्रावर कोणालाही नमुना ‘ब’वर सही करता येत नाही, तो अधिकार परवानाधारक एजन्सीचा आहे. मुलाने आधी अशा एजन्सीकडे काही वर्षे काम करावे.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी एक सांगू इच्छितो. मीही त्याच माध्यमात शिकलो आहे. या कामात नगरपालिकेशी व अग्निशमन खात्याशी पत्रव्यवहार मराठीत होतो, आणि साधनांवरील सूचना इंग्रजीत असतात. दोन्ही भाषांची कामापुरती तयारी केली तर हा अडसर राहत नाही.

धंद्याचे गणित

समजा, एका मार्केटमध्ये ४० गाळे आहेत. प्रत्येकाने देखभालीसाठी दरमहा ३०० रुपये काढले तर १२,००० रुपये जमतात. असे दोन मार्केट सांभाळणाऱ्या तरुणाकडे २४,००० रुपयांचे बांधलेले काम येते. सामानाचा खर्च वेगळा. गाळेवाल्याला रोजचे १० रुपये पडतात. आखातात जाणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना तर इमारत देखभालीच्या कामाची ओळख आहेच. प्रमाणपत्र असलेल्या व नसलेल्या माणसाला तेथे वेगळी वागणूक मिळते.

विम्याबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि तो विषय त्यांचा आहे. परंतु दीनच्या कारणाने जो विमा उतरवीत नाही, त्याने तर बचावाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आगीनंतर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

आपण काय करावे?

प्रत्येक गावच्या अंजुमनने व व्यापारी संघटनेने मिळून आठवी-दहावी झालेल्या दहा मुलांची निवड करावी. त्यांची फी वाटून घ्यावी आणि शिकून आल्यावर आपल्याच मार्केटचे काम त्यांना द्यावे. ज्यांच्या शाळा किंवा पॉलिटेक्निक आहेत त्यांनी संध्याकाळचा वर्ग सुरू करण्याचा विचार करावा.

तोपर्यंत प्रत्येक मालकाने आजपासून एवढे तरी करावे : जिन्यात माल ठेवू नये; बाहेर पडण्याच्या वाटा दोन असाव्यात; रात्री निघताना लागत नसलेली वीज मेन स्विचवरून बंद करावी; आणि कारागीर आत झोपत असतील तर बाहेरून कुलूप कदापि लावू नये. कारागीर आपल्या आईबापांना गावी ठेवून आपल्या भरवशावर येतो. त्याचा जीव ही आपल्याकडील अमानत आहे, आणि तिचा हिशेब कोणत्याही वहीत जुळवून दाखविता येणार नाही. अल्लाह आपल्याला ही जबाबदारी ओळखण्याची तौफीक देवो.