लीलाबाईंचे भाडेकरू

1. 'अशी ही बनवाबनवी' भाड्याच्या खोलीपायी घडतो, हे मला सोलापुरात खोली शोधताना समजलं. तोवर 1988चा हा सिनेमा म्हणजे मित्रांत बसून संवाद नटाच्या आधी म्हणायची चढाओढ. मग दारोदार एकच प्रश्न यायला लागला, 'फॅमिली आहे का?' पुण्यातल्या त्या चार पोरांचीही हीच अडचण. घरमालकीण लीलाबाई काळभोरांना जोडपी हवीत, म्हणून त्यांच्यातल्या परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा. माझ्या मित्रांपैकी साडी नेसायला एकही तयार झाला नाही. 'का बे, डोकं फिरलं का?' एवढंच उत्तर मिळालं.

2. गुपित आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, गंमत तिथेच आहे. सुधीर झालेल्या सचिनला नायिका सुप्रियाशी प्रेमाचं बोलायचंय आणि अंगावर पदर! एरवी प्रेमाच्या आड मुलीचा बाप येतो. इथे नायकाच्या आड नायकच येतो. साखर पेठेतल्या आमच्या शेजारच्या आजी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी जेमतेम. तरी नेमक्या जागी माझ्याआधी हसायच्या. संवाद पाठ असण्याचा माझा तोरा तिथेच उतरला.

3. कल्पना मुळात आपली नाही, याचं एकेकाळी वाईट वाटे. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' 1966चा. पण 'बनवाबनवी'चे लेखक वसंत सबनीस, जन्म सोलापूरचा, तमाशाच्या बाजाच्या 'विच्छा माझी पुरी करा'वाले! तमाशातली मावशी म्हणजे बाईचं सोंग घेतलेला बाप्याच. ज्यानं तो बाज कोळून प्यायलाय, त्याला साडीतल्या पुरुषाचं काय अप्रूप? उसनं कथानक इतकं घरचं वाटतं ते त्यामुळेच.

4. लीलाबाई फार उशिरा दिसल्या मला. पार्वतीच्या डोहाळजेवणाच्या गाण्यात नजर लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लाजण्यावर, नाहीतर नवरा झालेल्या अशोक सराफांच्या चेहऱ्यावर. त्या घोळक्यात लीलाबाई झालेल्या नयनतारा मात्र जराही विनोद न करता खऱ्याखुऱ्या सासूसारख्या हरखलेल्या असतात. पोट खोटं, सून खोटी, कौतुक तेवढं खरं. चार जोड्या जमतात सिनेमात. प्रेमात सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट फसते ती ही बाई. हल्ली तो प्रसंग लागला की वाटतं, कुणीतरी सांगून टाका हो त्यांना. आणि पुढच्याच क्षणी वाटतं, थांबा, गाणं तरी संपू द्या.