ग्राफिक्स कार्ड : आठ जीबी की सोळा?

प्रश्न : मुलाला गेमिंगसाठी पीसी जुळवून द्यायचा आहे. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो, ८ जीबीचं कार्ड पुरे. मुलगा १६ जीबीवर अडून बसलाय. मॉनिटर २४ इंची, फुल एचडी. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : आधी मुलगा खेळतो काय ते विचारा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक किंवा पुण्यात घडलेला 'राजी' (२०२०) एवढंच असेल, तर ८ जीबीत काम भागतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' २०२३ मध्ये पीसीवर आला, तेव्हा मात्र ८ जीबीची कार्डं फुल एचडीवरही धापा टाकू लागली. मेमरी भरली की जादाचा डेटा पीसीच्या संथ रॅममध्ये जातो; मग कॅमेरा वळवताच खेळ अडखळतो, भिंतींवरचे पोत धुरकट दिसतात. त्यावर उतारा आहे : सेटिंगमध्ये टेक्स्चर 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणा. चित्रात फरक शोधावा लागेल.

पण नुसता जीबीचा आकडा बघून भुलू नका. ४ जीबीचं जीटी ७३० कार्ड कित्येकांच्या गळ्यात असंच मारलं गेलं. मेमरी भरपूर, चिप मरतुकडी! आरटीएक्स ५०६० टीआय मात्र एकाच चिपवर ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतं. नवे मोठे गेम खेळायचे असतील आणि कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर मुलाचंच ऐका. बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्या, दोन्ही खोक्यांवर नाव एकच असतं.