रांगोळी, पावडर आणि व्हायोलिनचा गज

मागच्या सेमिस्टरला एका प्रदर्शनात पोस्टर पाहिलं. ओंकार म्हटला की वाळूत आपोआप श्रीयंत्र उमटतं, असा त्यावर दावा होता. माझा रूममेट म्हणाला, "फेकाफेकी आहे." मी म्हटलं, "करून बघू."

वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा वीतभर चौकोनी तुकडा मिळवला, मधोमध भोक पाडून बोल्टने स्टँडवर घट्ट बसवला आणि वर कोरडी रांगोळी भुरभुरली. शेजारच्या विंगमधल्या मित्राचा व्हायोलिनचा गज मागून आणला, राळ लावून पत्र्याच्या कडेवर वरून खाली ओढला. पहिल्यांदा फक्त कर्कश किंकाळी आली, आणि पॅसेजमधून शिव्या! मग कडेला एक बोट टेकवून पुन्हा ओढला. या वेळी पत्रा स्वच्छ सुरात वाजला आणि रांगोळी अक्षरशः पळत जाऊन रेषांवर उभी राहिली. बोटाची जागा बदलली की सूर बदलतो आणि आकृतीही बदलते. रात्री दोनपर्यंत कुणी झोपलं नाही.

हे का होतं? पत्रा सगळीकडे सारखा हलत नाही. काही रेषांवर तो जवळजवळ स्थिर असतो, त्या नोडल रेषा. बाकीच्या भागातले कण उडत उडत तिथे येऊन पडतात आणि पुन्हा उडत नाहीत, कारण तिथे उडवणारं कुणी नसतं. म्हणजे आपल्याला दिसतं ते चित्र कंपनाचं नाहीच, कंपन जिथे नाही त्या जागांचं आहे! बोट टेकवल्यावर तिथून रेषा जाईल असंच कंपन टिकतं, बाकीची मरतात.

जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नीने अशा आकृत्या १७८७ साली पुस्तकात छापल्या. १८०९ मध्ये त्याने त्या पॅरिसला नेपोलियनसमोर करून दाखवल्या, आणि यामागचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. १८१६ मध्ये ते सोफी जर्मेनने मिळवलं. मुलगी म्हणून तिला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश नव्हता, तर तिने एका मुलाच्या नावाने नोट्स मिळवून अभ्यास केला होता. बक्षीस मिळालं तेही तिसऱ्या अटेंप्टला. केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.

आमची रांगोळी संपली तेव्हा रूममेटची टाल्कम पावडर वापरली, आणि चित्र उलटं आलं! पावडर रेषा सोडून नेमकी जिथे पत्रा जास्त हलतो तिथे छोट्या ढिगांत जमली. मला वाटलं, काहीतरी चुकलं. पण याचं उत्तर फॅरडेने १८३१ मध्येच देऊन ठेवलंय. हलणाऱ्या पत्र्यावर हवेचे बारीक प्रवाह तयार होतात. जड कणांना ते हलवू शकत नाहीत, अगदी बारीक भुकटीला मात्र ओढून नेतात.

आता पोस्टरचं. पत्र्यापुढे आम्ही चौघांनी ओंकार लावला. रांगोळी ढिम्म! नुसत्या आवाजाने पातळ पडदा हलू शकतो, हे मात्र खरं. मार्गारेट वॉट्स ह्यूज नावाच्या वेल्श गायिकेने १८८५ मध्ये नळीत गाऊन ताणलेल्या पडद्यावर आकृत्या काढल्या. पुढे ओला रंग वापरून तिने फुलांसारखी, नेच्यांसारखी चित्रं काचेवर उतरवली, आणि ती खरोखर सुंदर आहेत. पण आकृती ठरते ती पडद्याचा आकार, ताण, जाडी आणि सुराची फ्रिक्वेन्सी यांवरून. शब्द पवित्र आहे की नाही, हे पडद्याला कळत नाही. पत्रा गोल घेतला की तोच सूर वेगळं चित्र देतो किंवा काहीच देत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तबल्याचं. साध्या गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून साधा ढोल नेमका सुरात लागत नाही. तबल्याच्या मधोमध शाई असते. तिच्या वजनामुळे हे स्वर जवळजवळ १, २, ३, ४, ५ पट असे रांगेत येतात. हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, पहिला पेपर १९२० चा आणि सविस्तर १९३४ चा. त्यांनीही पुडीवर बारीक वाळू टाकूनच रेषा पाहिल्या. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, तेही आमच्या पत्र्यावरच्या बोटासारखंच. मूळ कंपन दाबलं जातं आणि बोटाखालून रेषा जाणारं कंपन वाजतं.

हेही करून बघायचं होतं. पण आमच्या मजल्यावर तबला एकाकडेच आहे आणि तो शाईवर रांगोळी टाकू देत नाही.