खुली जागा आणि सांडपाणी : नागरिकशास्त्राचा एक पाठ



बगिच्यासाठी राखलेल्या जागेवर सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होणार असे कळले की कॉलनीतले रहिवासी एकत्र येतात, पार्षदांना निवेदन देतात, प्रसंगी धरणेही धरतात. अशा वेळी बरोबर कोण, नगर निगम की रहिवासी? या पाठात आपण दोन्ही बाजू समजून घेऊ.

आधी केंद्राची बाजू पाहू. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून केंद्र सखल भागात, नाल्याच्या किंवा नदीच्या काठी बांधणे सोयीचे असते. उंचावर बांधले तर पाणी पंपाने चढवावे लागते आणि विजेचा खर्च वाढतो. शहरात अशी सखल, मोकळी जागा पुष्कळदा बगिचा किंवा मैदान म्हणून राखलेली असते. ती सार्वजनिक असल्यामुळे विकतही घ्यावी लागत नाही. वादाचे मूळ येथेच आहे.

केंद्रात प्रथम जाळीने कचरा अडवतात, नंतर गाळ खाली बसू देतात आणि मग हवा देऊन जिवाणूंकरवी उरलेली घाण नष्ट करतात. देखभाल नीट नसेल तर हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे सडक्या अंड्यासारखा वास पसरतो. रहिवाशांची भीती निराधार नसते. पण केंद्राशिवाय शहराचे भागतही नाही. आपल्या इंदूरला २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर हा मान मिळाला, तो नदी-नाल्यांत जाणारे सांडपाणी अडवून शुद्ध केल्यामुळेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यातील १८ विषयांत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, तसेच उद्याने, बगिचे आणि खेळाची मैदानेही आहेत. दोन्ही कामे एकाच संस्थेकडे सोपवण्याजोगी मानली आहेत. एक करण्यासाठी दुसरे मोडावे, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही.

बंगळुरूचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे एका वसाहतीच्या आराखड्यात बगिच्यासाठी राखलेली जागा सरकारी आदेशाने एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय उपयोगी असते हे कोणीच नाकारत नव्हते. पण बगिचा लोकांच्या मोकळ्या हवेसाठी आणि विरंगुळ्यासाठी राखलेला आहे, तो सत्तेवरील व्यक्तीच्या मर्जीने काढून घेता येत नाही आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांना हक्क आहे, असे या निकालाने स्पष्ट झाले.

येथे पाठ संपला असता तर बरे झाले असते. पण एका वस्तीने ‘नको’ म्हटल्यावर केंद्र कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी न्यूयॉर्कला जाऊ या. तेथील नॉर्थ रिव्हर केंद्रासाठी आधी दक्षिणेकडच्या, अधिक सुस्थितीतील वस्तीजवळची जागा विचारात होती. शेवटी ते उत्तरेला, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन लोकांच्या वेस्ट हार्लेममध्ये, हडसन नदीच्या काठावर गेले. १९८६ मध्ये ते सुरू झाले आणि दुर्गंधीने लोक हैराण झाले. जानेवारी १९८८ मध्ये रस्ता अडवणाऱ्या सात जणांना अटक झाली. त्याच वर्षी रहिवाशांची संघटना उभी राहिली आणि पुढे त्यांनी दावाही केला. परिणामी दुर्गंधी रोखण्यासाठी शहराला कोट्यवधी डॉलर खर्चावे लागले. १९९३ मध्ये केंद्राच्या छतावर २८ एकरांचे उद्यान खुले झाले. आज तेथे मुले खेळतात आणि त्यांच्या पायांखाली शहराचे पाणी शुद्ध होत असते. तरीही जे ओझे त्या वस्तीने उचलले, ते दुसऱ्या कोणाच्या दारातून उचलून तेथे ठेवलेले होते, हे विसरता कामा नये.

म्हणून आम्हाला वाटते की नुसते ‘आमच्याकडे नको’ हे अर्धेच उत्तर आहे. आपल्या घरातले पाणी कोठेतरी जाणारच. ज्यांचा आवाज दुबळा आहे त्यांच्या बस्तीत ते लोटून आपला बगिचा वाचवणे ही जीत नव्हे. तसेच नियम डावलून मुलांचे मैदान घेणे हाही विकास नव्हे. मोर्चा काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, मास्टर प्लॅनमध्ये ही जागा कशासाठी दाखवली आहे आणि बदल करताना लोकांच्या हरकती मागवल्या का? दुसरा, आणखी कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या? तिसरा, वास, आवाज आणि गाळ यांची व्यवस्था कोण व कशी करणार? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हाताशी आहेच.

गृहपाठ : आपल्या घरातील सांडपाणी कोणत्या नाल्यातून किंवा वाहिनीतून कोठपर्यंत जाते, ते वडीलधाऱ्यांच्या मदतीने शोधा आणि वहीत नकाशा काढा. नकाशाच्या शेवटच्या टोकाला कोण राहते, तेही लिहा. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही हा गृहपाठ करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.